पीएच.डी.नंतरची वाट : राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधन

पीएच.डी. मिळाली म्हणजे शिक्षण संपले, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. विज्ञान व अभियांत्रिकीच्या क्षेत्रात मात्र त्यापुढेही एक टप्पा असतो. त्यास 'पोस्टडॉक' म्हणतात. ज्या घरातील पहिलीच पिढी उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली आहे, तेथे या टप्प्याची माहिती देणारे सहसा कोणी नसते. म्हणून पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या उदाहरणाने त्याची ओळख करून घेऊ.

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या या संस्थेत उत्प्रेरक, पॉलिमर, जैवरसायन, रासायनिक अभियांत्रिकी अशा विषयांवर संशोधन चालते. महापालिकेच्या शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर पीएच.डी.नंतर इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात काम करून १९७६ मध्ये येथे आले आणि पुढे संचालक झाले.

पोस्टडॉक ही पदवी नव्हे आणि कायमची नोकरीही नव्हे. पीएच.डी.मध्ये मार्गदर्शकाचा हात धरून चालणारा संशोधक येथे स्वतःचा प्रश्न स्वतः मांडावयास शिकतो. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध आणि हस्तगत झालेले नवे तंत्र हेच त्याचे फलित. प्राध्यापक वा शास्त्रज्ञ पदाच्या निवडीत त्यांस मोठे वजन असते.

"अजून किती शिकणार?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. परंतु या काळात मानधन मिळते. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या दरांनुसार संशोधन सहयोगीस प्रारंभी दरमहा ५८,००० रुपये व नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. याखेरीज राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असून ती आयुष्यात एकदाच घेता येते. तिची वयोमर्यादा ३५ वर्षे असून अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग व महिला उमेदवारांस पाच वर्षांची सवलत आहे. प्रबंध सादर करून पदवीची प्रतीक्षा करणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यास मोलाचे वर्ष हातचे निसटते.

पूर्वतयारी मात्र प्रबंध लिहीत असतानाच करावी. प्रयोगशाळेतील ज्या शास्त्रज्ञाकडे काम करावयाचे, त्याचे अलीकडील शोधनिबंध वाचावेत. नंतर आपण काय केले, पुढे काय करू इच्छितो आणि ते त्याच्याच प्रयोगशाळेत का, हे एका पानात लिहून कळवावे. सर्वांना एकच मजकूर पाठविल्यास उत्तर क्वचितच येते. कायम नोकरीची हमी नसल्याने अध्यापन व उद्योग या वाटाही नजरेसमोर ठेवाव्यात.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी ही वाट चालून पाहिली आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहातील मुलांसाठी द्यावा. दहावीतल्या मुलाला या टप्प्याचे नाव जरी कळले, तरी त्याची नजर पदवीच्या पलीकडे पोहोचेल.