ग्रीक पहिलवान आणि माळेगावची कुस्ती



मार्गशीर्षात आम्ही माळेगावला खंडोबाच्या जत्रेला गेलो होतो. ही जत्रा आपल्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात भरते. घोडे, गाढवं, बैल खूप येतात. पण मी कुस्त्यांच्या फडापासून हललोच नाही, कारण माझा दादा लढणार होता. दादाने समोरच्याला चितपट केले. त्याला नारळ मिळाला. बाबा म्हणाले, "नारळानं पोट भरतं का?" दादाला तालमीत जायचे आहे. पण खुराकाला दूध, तूप, बदाम लागतात. त्यावरून घरात रोज बोलणे चालते.

मग गुरुजींनी मला ग्रीस देशाची माहिती सांगितली. तिथे ऑलिंपिया नावाच्या ठिकाणी झ्यूस देवाची जत्रा दर चार वर्षांनी भरायची. तिथल्या शर्यती इ. स. पूर्व ७७६ पासून मोजतात. कुस्ती नंतर सुरू झाली. पहिलवान अंगाला तेल लावून लढत. त्यांना लंगोटसुद्धा नसे! (हे ऐकून सगळा वर्ग हसला.) आपल्याकडे एकदा पाठ टेकली की संपले. त्यांच्याकडे तीनदा पाडावे लागे. मिलो नावाचा पहिलवान रोज एक वासरू उचलायचा, त्याचा बैल झाला तरी उचलायचा, अशी गोष्ट सांगतात. मी आमचे वासरू उचलून पाहिले. त्याने लाथ मारली.

तिथे जिंकणाऱ्याला ऑलिव्ह झाडाच्या डहाळीचा मुकुट मिळे. नारळसुद्धा नाही! पण अथेन्स शहर आपल्या विजयी पहिलवानाला जन्मभर फुकट जेवण देई. बाबांनी हे नीट वाचावे.

आपल्याकडे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ पदक मिळवले. त्यांना जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत शिकले व १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. तेही खेड्यातलेच होते.

आमची म्हैस पुढच्या महिन्यात विणार आहे. तिचे दूध डेअरीला घालायचे का दादाला द्यायचे, हे बाबांनी अजून सांगितले नाही.