डोंगरउताराच्या बागेसाठी ए.टी.व्ही. : घेताना आणि चालवताना

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत आपल्या समाजातील बरेच लोक आंबा-काजूची बागायत आणि फळांचा व्यापार करतात. बाग असते कातळावर किंवा डोंगरउतारावर आणि टेम्पो उभा राहतो खाली सडकेवर. मधले अंतर पेट्या डोक्यावर घेऊनच कापावे लागते. हंगामात गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. अशा वेळी कोणी आखातातून आलेला भाऊबंद म्हणतो, "तिकडे वाळूत चालते तशी चार चाकी क्वाड घ्या, सगळा प्रश्न मिटेल."

प्रश्न मिटू शकतो, पण मशीन चुकीचे घेतले तर पैसा जातो आणि चुकीचे चालवले तर जीव जातो. म्हणून खरेदीपूर्वी विचारात घेण्याच्या काही गोष्टी येथे देत आहोत.

हे वाहन कसे असते?

ए.टी.व्ही. म्हणजे मोटारसायकलसारखे हॅण्डल आणि सीट असलेले, रुंद व मऊ टायरचे चार चाकी वाहन. शर्यतीचे मॉडेल हलके असते, तर कामाच्या मॉडेलला पुढे-मागे लोखंडी रॅक आणि ट्रॉली ओढण्यासाठी हूक असतो. आपल्याला विचार करायचा तो या दुसऱ्या प्रकाराचा.

१९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेच्या बाजारात असे तीन चाकी वाहन आणले. ती वाहने उलटून इतके अपघात झाले की १९८८ साली तेथील सरकार आणि कारखानदार यांच्यात कोर्टामार्फत तडजोड होऊन तीन चाकी वाहनांची विक्री थांबली. चार चाकी वाहन त्यापेक्षा स्थिर असले तरी तेही उलटते. म्हणूनच ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला चालकाच्या संरक्षणासाठी कमान किंवा तत्सम साधन बसवणे सक्तीचे झाले आहे. मशीनचे स्वतःचे वजन २५० ते ३५० किलो असते. ते अंगावर पडले तर एकट्या माणसाला बाजूला सारता येत नाही.

यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. विक्रेता इंजिनाचे सी.सी. सांगेल, परंतु आपण वजन आणि उतार यांचा हिशेब विचारावा.

आधी कागद पाहा

आपल्या देशात सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाची आर.टी.ओ.कडे नोंदणी लागते आणि त्यासाठी त्या मॉडेलला मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र असावे लागते. पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशीच एक संस्था आहे. भारतात विकली गेलेली बहुतेक ए.टी.व्ही. फक्त खाजगी जागेत चालवण्यासाठी आहेत. २०२० साली पोलारिस कंपनीने आपले एक मॉडेल शेतीचा ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशा स्वरूपात आणले होते, पण तो अपवाद समजावा.

आपल्या दोन बागांच्या मध्ये ग्रामपंचायतीचा रस्ता असेल, तर तो ओलांडणे हेसुद्धा सार्वजनिक रस्त्यावर येणेच होय. अपघात झाला तर विनानोंदणी, विनाविमा वाहनाच्या नुकसानभरपाईचा बोजा मालकावर येतो. "पासिंग होऊन जाईल" या तोंडी आश्वासनावर बयाणा देऊ नये. प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहावे, मगच पैसे मोजावेत.

वजनाचा हिशेब

कामाच्या मशीनवर पुढच्या रॅकवर साधारण ३० ते ५० किलो, मागच्या रॅकवर ६० ते ९० किलो आणि ट्रॉलीने ४०० ते ६०० किलो ओढण्याची मर्यादा असते. नेमका आकडा मशीनवरील पट्टीवर व पुस्तिकेत छापलेला असतो.

समजा, पुढच्या रॅकची मर्यादा ३० व मागच्या रॅकची ६० किलो आहे आणि भरलेला क्रेट २० किलोचा आहे. म्हणजे पुढे १ आणि मागे ३, असे ४ क्रेट झाले. पाचवा क्रेट ठेवायला जागा दिसेल, पण तो ठेवू नये. शिवाय चालक, माल आणि हुकावर येणारा भार मिळून एक वेगळी एकूण मर्यादा असते, तीही पाहावी.

ट्रॉलीची मर्यादा ३८५ किलो असेल आणि रिकामी ट्रॉली १२५ किलोची असेल, तर माल २६० किलो, म्हणजे १३ क्रेट. हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. उतारावर भार निम्म्यावर आणावा, कारण साध्या ट्रॉलीला ब्रेक नसतो आणि उतरताना ती मशीनला मागून ढकलते.

आपल्या वेल्डर आणि फॅब्रिकेटर बांधवांना येथे काम आहे. कमी उंचीची, रुंद चाकांची, हलकी ट्रॉली गावातच बनू शकते. मात्र गिऱ्हाईक "रॅक जरा मोठा करून द्या" म्हणाले तर नकार द्यावा. रॅक वाढवला म्हणून चासी आणि सस्पेन्शनची ताकद वाढत नाही. माल उंच चढला की मशीन लवकर कलंडते.

फवारणीची टाकी

आंबा बागायतदारांनी हा मुद्दा विशेष वाचावा. १०० लिटरच्या टाकीत नुसते पाणीच १०० किलोचे होते. बहुतेक मशीनच्या मागच्या रॅकची मर्यादा त्याहून कमी असते. त्यातही अर्धी भरलेली टाकी अधिक दगा देते, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि मशीनचा तोल घेऊन जाते. आत आडव्या पट्ट्या असलेली लहान टाकी घ्यावी किंवा टाकी ट्रॉलीवर ठेवावी.

मशीन पारखताना

१. चारही चाकांना ताकद देण्याची सोय आणि लो गिअर असावा. डोंगरउतारावर याला पर्याय नाही.

२. अनेक मशीनमध्ये गिअरऐवजी रबरी पट्टा असतो. चढावर भार घेऊन हाय गिअरमध्ये चालवले की तो पट्टा जळतो आणि पाणी शिरले की घसरतो. दातांच्या गिअरचे मशीन वहाळ ओलांडणाऱ्यांना अधिक सोयीचे.

३. जुने मशीन घेताना पुढची चाके हाताने हलवून सैलपणा पाहावा. ॲक्सलचे रबरी बूट फाटलेले नसावेत. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. चासीवर वेल्डिंगचे जोड असतील तर सौदा सोडावा.

४. फिल्टर, पट्टा आणि ब्रेक लायनर कुठे मिळतात, किती दिवसांत मिळतात, हे आधी विचारावे. भर हंगामात पंधरा दिवस उभे राहिलेले मशीन काय कामाचे?

५. टायरमध्ये हवा फक्त ४ ते ७ पौंड असते. पेट्रोल पंपावरचा मीटर इतकी कमी हवा नीट दाखवत नाही. कमी दाबाचा वेगळा मीटर जवळ ठेवावा. डाव्या-उजव्या टायरच्या हवेत फरक असेल तर मशीन एका बाजूला ओढते.

चालवण्याची रीत

हे वाहन अंगाच्या तोलावर चालते. सीट लांब असते ती दुसऱ्याला बसवण्यासाठी नसते. चालकाला पुढे-मागे सरकता यावे म्हणून ती लांब ठेवलेली असते. एक माणसाच्या मशीनवर मागे गडी बसवू नये. सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती तर मोठे मशीन कधीच देऊ नये.

चढताना लो गिअर टाकून अंग पुढे झुकवावे आणि एकसारखा थ्रॉटल द्यावा. मध्येच वळवू नये. इंजिन बंद पडून मशीन मागे सरकू लागले तर ब्रेक एकदम आवळू नये, हळूहळू दाबावा. थांबल्यावर वरच्या बाजूने उतरावे.

उतरताना अंग मागे घ्यावे आणि वेग इंजिनाच्या जोरावर रोखावा. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून उतरणे म्हणजे आत्मघात आहे.

उतार आडवा कापणे सर्वांत धोक्याचे. शक्य तेथे सरळ चढावे, सरळ उतरावे. भार असताना आडवे जाऊच नये. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेथे चारही चाकांची ताकदसुद्धा कामास येत नाही. वहाळात पाणी पाय ठेवण्याच्या पट्टीच्या वर असेल तर मशीन घालू नये. पलीकडे गेल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक हलके दाबून वाळवून घ्यावेत.

पैसा आणि जबाबदारी

आंब्याची मुख्य तोडणी मार्च ते मे अशी चालते. त्यानंतर मशीन बराच काळ पडून राहते. तेव्हा एकट्याने व्याजाच्या कर्जात पडण्यापेक्षा शेजारच्या तीन-चार बागायतदारांनी भागीदारीत मशीन घेणे किंवा एकाने घेऊन इतरांना दिवसाच्या भाड्याने देणे अधिक बरे. पाळी कोणाची, दुरुस्ती कोणी करायची, नुकसान कसे वाटायचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्ये आहे. सगे भाऊ असले तरी लिहावे. भागीदारीच्या अटींबाबत आपल्या जमातीच्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

आणि हेही पाहावे की आपल्याला खरोखर ए.टी.व्ही.च हवी आहे का. माल आणि माणसे दोन्ही न्यायची असतील तर दोन सीटचे, लोखंडी पिंजऱ्याचे वाहन योग्य. जमीन बऱ्यापैकी सपाट असेल तर ट्रॉलीचा पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टर नांगरणीलाही उपयोगी पडतो.

शेवटी, मशीनवर बहुधा आपण नसतो, आपला गडी असतो. त्याचा जीव ही आपल्याकडील अमानत आहे. त्याला आठवडाभर सपाट जागेवर रिकामे मशीन शिकवावे आणि हेल्मेट व मजबूत बूट मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यावेत. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही आपली शिकवण आहे. उंटाच्या जागी मशीन आले म्हणून ती बदलत नाही.