खिडक्या उघड्या, तरी घर तापलेलंच

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. जुलैत घराची भट्टी होते. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवूनही सासूबाई (वय ७४) कासावीस होतात. एसी घ्यावाच का?
– एक वाचक, लंडन

उत्तर : ताई, एसीची घाई नको. बाहेर घरापेक्षा गार असेल तरच उघडी खिडकी कामाची. बाहेर ३२ अंश आणि घरात २७ असेल, तर तुम्ही उष्माच आत घेताय! अशा वेळी खिडक्या-पडदे बंद ठेवा. रात्री समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. ऊन काचेबाहेरच अडवलं तर उत्तम. पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता बरीचशी घरातच राहते. घरमालक परवानगी देत असेल तर खिडकीला बाहेरून सावली करा.

पंखा जरूर लावा, पण खोलीत ३५ अंशांपुढे त्यावर विसंबू नका. इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२२ला पारा ४०.३वर गेला होता, तेव्हा ही निव्वळ शंका नव्हे. सासूबाईंना तहानेची वाट न पाहता थोडंथोडं पाणी, ताक द्या; मानेवर ओलं फडकं ठेवा. हृदयाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर थेट ९९९.