चित्रकार्डांचा संग्रह व त्याची व्यवस्था

संग्रह करण्याची आवड मनुष्यास उपजतच असते. लहान मूल नदीकांठचे रंगीत खडे खिशांत भरतें. मोठेपणीं कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, तर कोणी आगपेट्यांवरील चित्रें. अलीकडे शाळकरी मुलांत चित्रकार्डांचा नाद विशेष दिसतो. क्रिकेटपटूंचीं, मल्लांचीं व पोकेमॉन या जपानी खेळांतील काल्पनिक प्राण्यांचीं कार्डें मधल्या सुटींत या हातांतून त्या हातांत फिरत असतात. हा नाद चांगला कीं वाईट, असें वडील माणसें विचारतात. त्याचें उत्तर कार्डांवर नसून तीं ठेवण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. ढीग निराळा आणि संग्रह निराळा. ढिगांत वस्तु असते, पण सांपडत नाहीं. संग्रहांत ती मागतांक्षणीं हातीं येते. ढिगाचा संग्रह कसा करावा व तो वाढत असतां त्यास शिस्त कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

या कार्डांचा प्रसार तंबाखूच्या व्यापारामुळें झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सिगारेटी पातळ कागदाच्या पाकिटांत विकल्या जात. त्या चुरगळूं नयेत म्हणून पाकिटांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. तो कोरा ठेवण्यापेक्षां त्यावर चित्र छापावें, ही युक्ति व्यापाऱ्यांस सुचली. पुढें इंग्लंडांत विल्स वगैरे कंपन्यांनीं हाच कित्ता गिरविला. पुष्कळदां पन्नास कार्डांची एक मालिका असे. पुढील बाजूस फूल, पक्षी, जहाज किंवा खेळाडू यांचें रंगीत चित्र व मागील बाजूस त्याची माहिती असे. तंबाखूचें व्यसन निंद्यच होय. परंतु ज्या घरीं पुस्तकें विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेथील मुलांस या तुकड्यांनीं थोडाफार भूगोल व प्राणिशास्त्र शिकविलें, हेंहि खरें आहे.

१९४० मध्यें युद्धकाळांतील कागदाच्या टंचाईमुळें ब्रिटनमध्यें हीं कार्डें बंद झालीं. पुढें तंबाखूची जागा मुख्यतः च्युइंगम व मिठाई यांनीं घेतली. अमेरिकेंतील टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं बेसबॉल खेळाडूंची ४०७ कार्डांची मालिका काढली आणि १९५७ पासून आपल्या कार्डांचें माप अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असें ठरविलें. आज बहुतेक कार्डें याच मापाचीं किंवा त्याच्या अगदीं जवळपास असतात. हें माप ध्यानांत ठेवावें. कारण तीं ठेवण्याच्या पिशव्या, पानें व पेट्या याच मापास अनुसरून केलेल्या असतात.

एका संग्राहकाचें उदाहरण

व्यवस्थेचें महत्त्व कळण्यास जेफरसन बर्डिक (१९००–१९६३) यांचें चरित्र फार उपयोगी आहे. हे गृहस्थ अमेरिकेंतील सिराक्यूज शहरीं एका कारखान्यांत विजेचीं उपकरणें जोडण्याचें काम करीत. पैसा बेताचा आणि प्रकृति त्याहूनहि बेताची. संधिवातानें त्यांचे सांधे आंखडले होते. तरीहि त्यांनीं कार्डें व तत्सम छापील चित्रें मिळून तीन लाखांहून अधिक नग जमविले.

त्यांची खरी थोरवी मात्र या संख्येंत नाहीं. त्या काळीं अनेक मालिकांना सर्वमान्य असें नांवच नव्हतें. दोघांस पत्रानें देवघेव करावयाची झाली, तर ‘ती पांढऱ्या कडेची, खेळाडूंची मालिका’ असें लांबलचक वर्णन करावें लागे. बर्डिक यांनीं १९३९ मध्यें कार्डांची सूची प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकांतील तंबाखूच्या कार्डांस ‘एन’, विसाव्या शतकांतील तंबाखूच्या कार्डांस ‘टी’, मिठाईच्या जुन्या कार्डांस ‘ई’, अशीं अक्षरें देऊन प्रत्येक अक्षरापुढें त्यांनीं मालिकेचा अंक घातला. १९०९ ते १९११ या काळांतील एक बेसबॉल मालिका आज जगभर ‘टी २०६’ म्हणून ओळखली जाते. तें नांव ती छापणाऱ्यांनीं दिलेलें नाहीं. बर्डिक यांच्या सूचींतून तें आलें. याच मालिकेंतील होनस वॅग्नर या खेळाडूचें एक कार्ड २०२२ मध्यें साडेबहात्तर लाख डॉलरांस विकलें गेलें.

बर्डिक यांनीं मात्र आपला संग्रह विकला नाहीं. १९४७ पासून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देण्यास त्यांनीं आरंभ केला. पण नुसत्या पेट्या पोंचवून काम भागणारें नव्हतें. अखेरच्या वर्षांत ते स्वतः न्यूयॉर्क येथें जाऊन राहिले व संग्रहालयांतील एका टेबलाशीं बसून दुखऱ्या हातांनीं एकेक कार्ड आपल्या क्रमानें वह्यांत चिकटवीत गेले. १९६३ च्या जानेवारींत तें काम पुरें झालें आणि मार्च महिन्यांत त्यांचें निधन झालें. काम अपुरें राहिलें असतें, तर कार्डें राहिलीं असतीं. पण त्यांचा क्रम ज्याच्या डोक्यांत होता त्याच्याबरोबरच तो लोपला असता.

वर्गीकरण

संग्रह शंभर कार्डांचा असेपर्यंत स्मरणशक्ति पुरते. हजारांचा झाला कीं ती थकते. म्हणून नियम आरंभींच ठरवावा. कार्डें तीन प्रकारें लावतां येतात: मालिकेप्रमाणें, विषयाप्रमाणें अथवा नांवांच्या अकारविल्हे क्रमानें. यांत मालिकेचा क्रम उत्तम. कारण बहुतेक कार्डांच्या पाठीवर अंक छापलेला असतो व कोणतें कार्ड उणें आहे तें रिकाम्या जागेवरूनच कळतें. विषयाचा क्रम दिसावयास मोहक खरा. पण एकच खेळाडू फलंदाजांत घालावा, कर्णधारांत कीं संघांत, हा वाद सदैव चालूच राहतो.

अपुऱ्या मालिकेंत उण्या कार्डांपुरती जागा मोकळी सोडावी. नाहींतर एक नवें कार्ड आलें कीं पुढचीं सर्व हलवावीं लागतात. नवीं आलेलीं कार्डें एका लहान पेटींत ठेवून आठवड्यांतून एक दिवस नेमून तीं जागच्या जागीं लावावीं. हा नेम चुकला कीं संग्रहाचा पुन्हा ढीग होऊं लागतो.

नोंदवही

कार्ड एका वेळीं एकाच ठिकाणीं राहूं शकतें, परंतु त्याचा शोध अनेक वाटांनीं घ्यावा लागतो. ही अडचण नोंदवही दूर करते. प्रत्येक कार्डास तें ज्या क्रमानें घरीं आलें त्या क्रमाचा कायमचा अंक द्यावा. वहींत त्या अंकापुढें मालिका, वर्ष, मालिकेंतील अंक, चित्राचा विषय, कार्डाची स्थिति, कोणाकडून व केव्हां मिळालें आणि सध्यांचें ठिकाण, असे रकाने पाडावेत. ठिकाणाचा रकाना पेन्सिलीनें लिहावा. कारण संग्रह वाढतो तसें ठिकाण बदलतें, पण अंक बदलत नाहीं. ‘फाइल २, पान १४, खण ५’ एवढें लिहिलें तरी पुरे. हीच नोंद संगणकावर केली तर एकाच खेळाडूचीं सर्व कार्डें, तीं कोठेंहि असलीं तरी, क्षणांत शोधतां येतात. कार्डावर मात्र शाईनें किंवा पेन्सिलीनें कांहींहि लिहूं नये.

साठवण

कार्ड म्हणजे शेवटीं कागदच. म्हणून पाणी, ऊन, कीड व घर्षण हे त्याचे शत्रु होत. प्रत्येक चांगलें कार्ड प्रथम मऊ, पातळ पिशवींत घालावें व नंतर नऊ खणांच्या पानांत ठेवावें. ४५० कार्डांस अशीं पन्नास पानें लागतात. एका खणांत दोन कार्डें पाठीस पाठ लावून ठेविलीं तर पंचवीस पुरतात. पिशव्या व पानें पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर यांचीं घ्यावींत. पीव्हीसीचीं वर्ज्य करावींत, कारण त्यांतील मऊपणा आणणारें द्रव्य कालांतरानें बाहेर येऊन कार्डास चिकटतें. साधीं व दुबार कार्डें पुठ्ठ्याच्या लांब पेटींत उभीं ठेवावीं. मालिकांमध्यें जाड कागदाचे दुभाजक घालावेत. पेटी ठासून भरूं नये, तशीच अर्धवट रिकामीहि ठेवूं नये. उरलेल्या जागेंत कोरा पुठ्ठा सारावा, म्हणजे कार्डें कलून वांकत नाहींत.

आपल्याकडे, विशेषतः कोंकणपट्टींत व गोव्यांत, पावसाळ्याची दमट हवा ही मोठी अडचण आहे. चकचकीत मुलामा दिलेलीं कार्डें त्या दिवसांत आपोआप वांकतात. कागद ओल शोषून फुगतो, पण मुलामा फुगत नाहीं. म्हणून कार्ड मुलाम्याच्या बाजूस वळतें. यास्तव पेटी घट्ट झांकणाची असावी, आंत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, व पेटी बाहेरच्या भिंतीस लावून किंवा कौलांखालच्या माळ्यावर न ठेवतां आंतल्या कपाटांत ठेवावी. कसर लागूं नये म्हणून पेटी अधूनमधून उघडून पाहावी. डांबराच्या गोळ्या आंत घालूं नयेत; त्यांच्या वाफेनें कांहीं जातींचें प्लॅस्टिक मऊ पडतें. रबरी पट्टीनें गठ्ठा बांधूं नये, कारण ती कडा दाबते व पुढें वितळून चिकटते. डिंक आणि चिकटपट्टी तर मुळींच वापरूं नये. बर्डिक यांनीं कार्डें चिकटविलीं, कारण त्या काळीं तीच रीत होती. परंतु चिकटविलेल्या कार्डाची पाठ वाचतां येत नाहीं. जें केलेलें पुढें कोणास निर्धोकपणें उलगडतां येईल तेंच करावें, असा आतां संग्रहालयांचा दंडक आहे.

उपसंहार

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कार्डांस उद्यां मोठी किंमत येईल या आशेवर संग्रह करूं नका. लाखांत एखाद्या कार्डास ती येते. बाकीचीं कागदच राहतात. दुबार कार्डांची देवघेव करतांना लहान मुलाच्या अज्ञानाचा फायदा घेऊं नका. अशा लबाडीनें पेटी भरते, पण मित्र तुटतात. कार्डें फार झालीं तर कोणत्या मालिका ठेवावयाच्या तें ठरवून उरलेलीं दुसऱ्यास द्या. आपला संग्रह नीट लागला आहे कीं नाहीं, हें पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. आपण घरीं नसतां धाकट्या भावंडानें नुसती नोंदवही हातांत घेऊन हवें तें कार्ड काढावें व पुन्हा जागेवर ठेवावें. तें त्यास साधलें, तर संग्रहाचा क्रम तुमच्या डोक्यांतून वहींत उतरला असें समजा. बर्डिक यांनीं दुखऱ्या बोटांनीं जें साधलें तें हेंच होय. तुमचीं बोटें तर धडधाकट आहेत.