शिफारसपत्र आणि शुक्र

प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे दिवस आले की आपली मुले शिफारसपत्रासाठी शिक्षकांकडे जातात. पत्र मिळते, काम होते. पत्र लिहिणारा मात्र विस्मरणात जातो. ही उणीव केवळ शिष्टाचाराची नाही, ईमानाशीही तिचा संबंध आहे.

सूरह अन्-निसाच्या 85व्या आयतीचा आशय असा, की चांगल्या गोष्टीची शिफारस करणाऱ्यास तिच्या पुण्यात वाटा मिळतो आणि वाईट गोष्टीची शिफारस करणाऱ्यास तिच्या पापात. म्हणजे शिक्षकाचे पत्र ही साक्षच होय. मुलात नसलेले गुण लिहिण्याचा आग्रह धरणे, म्हणजे शिक्षकाला खोट्या साक्षीत ओढणे.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांची गुणवत्ता हेरली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. त्यातून शिष्यवृत्ती मिळाली. पुढे 1916 साली कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. बाबासाहेबांनी या उपकारांची जाण ठेवली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपला 1925 सालचा ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आणि त्याच्या प्रस्तावनेत गुरू सेलिग्मन यांचे ऋण मानले.

आपल्याला तर प्रेषित मुहम्मद (स.) यांची स्पष्ट शिकवण लाभली आहे: माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचाही शुक्र अदा करीत नाही, असे अबू दाऊद व तिर्मिज़ी यांच्या हदीससंग्रहांत आले आहे.

मग आभार म्हणून भेटवस्तू द्यावी काय? येथे सावध राहावे. शिफारशीच्या बदल्यात भेट स्वीकारणे, हे व्याजाच्या मोठ्या दरवाजात शिरण्यासारखे असल्याचा इशारा अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये आहे. पत्रापूर्वी दिलेली भेट तर लाचेच्याच वाटेने जाते. त्यापेक्षा सोपा आणि निर्मळ मार्ग प्रेषितांनी (स.) दाखविला आहे. उपकारकर्त्याला 'जज़ाकल्लाहु खैरन' म्हणणाऱ्याने त्याची पुरेपूर प्रशंसा केली, असे तिर्मिज़ीत आहे.

आपल्या मुलाने शिक्षकांना पत्रासाठी पुरेसा अवधी द्यावा, निकाल लागताच स्वतः जाऊन कळवावा, आणि प्रवेश मिळाला नाही तरीही आभार मानावेत. कारण निर्णय शिक्षकांच्या हाती नव्हता. सदिच्छा मात्र त्यांचीच होती. शिक्षक मुस्लिम असोत वा नसोत, हा हक्क सर्वांचा आहे.

अल्लाह आपल्या मुलांना कृतज्ञ अंतःकरण देवो. आमीन.