विजन, वन आणि शरणागत ससा

साधकाच्या दिनचर्येत अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि निद्रा असा क्रम सांगितला आहे. यांपैकी भिक्षेवर आणि अटनावर आपल्या मंडळींत पुष्कळ निरूपण होते. विजनाचा प्रसंग आला की मात्र "एकांतात बसून स्मरण करणे" एवढा अर्थ सांगून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. अर्थ चुकीचा नाही. पण अपुरा आहे. एकांत खोलीचे दार लावूनही मिळतो. विजनासाठी गावाबाहेर, वस्तीच्या वाटेपासून दूर, झाडाच्या आश्रयाला जावे लागते. देशाच्या शेवटी झाडातळी जन्म घालवावा, या आशयाची सर्वज्ञांची आज्ञा आपण सर्वजण नित्य पाठ करतो. त्या आज्ञेत झाड गृहीत धरलेले आहे. ते झाडच नसेल तर साधकाने बसावे कोठे, हा प्रश्न पूर्वीच्या आचार्यांना पडण्याचे कारण नव्हते. आज तो आपल्याला पडला पाहिजे.

"वनाचे रक्षण करावे" अशी स्वतंत्र आज्ञा मी सूत्रपाठात शोधली. मला ती आढळली नाही. ओढूनताणून एखाद्या सूत्राच्या अंगी तो अर्थ चिकटवणे हे निरूपण नव्हे. परंतु आज्ञा नसली तरी आचरण आहे, आणि महानुभावांना आचरणातून अर्थ काढण्याची रीत नवीन नाही. सर्वज्ञांचा एकांकातील दीर्घकाळ सालबर्डीच्या डोंगरात गेला, हे प्रसिद्धच आहे. झाडाखाली बसणारा त्या झाडापासून काय घेतो? सावली घेतो, वारा घेतो, क्वचित खाली पडलेले फळ घेतो. तो उठून गेल्यावर झाड पूर्वी होते तेवढेच उरते. वनापासून घेण्याची ही पहिली आणि सर्वांत शुद्ध रीत होय.

प्रस्तुत लेखकाचे बालपण मंगरूळपीरच्या बाजूला गेले. दीक्षेपूर्वीची गोष्ट आहे. आश्रमात काही कार्य होते आणि पत्रावळीसाठी पळसाची पाने आणायला मला पाठविले होते. मी पोरबुद्धीने दोन भल्या मोठ्या फांद्याच मोडून खांद्यावर टाकून आणल्या. बाबांनी पाने मोजली नाहीत, फांद्यांकडे पाहिले आणि विचारले, "पानं जेवणाऱ्यांसाठी आणलीस. या फांद्या कोणासाठी रे?" मला उत्तर सुचले नाही. पुढे अनेक वर्षे शास्त्राध्ययन केले, तरी त्या प्रश्नाइतके सोपे सूत्र मला या विषयात दुसरे सापडलेले नाही.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 'गुल्म' शब्दाचा एक अर्थ झुडपांची दाटी असा आहे. स्थळमाहात्म्य या नावाची उपपत्ती निराळी लावते आणि त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण ज्या गावाच्या नावातच झुडूप दडलेले आहे त्या गावाच्या भोवती आज झुडूप शोधावे लागते, हे खरे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर वसलेला आहे. येथे पडलेले पाणी दोन दिशांना जाते. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेस आणि पुढे तापीस मिळते. अडाण व अरुणावती यांचे पाणी पैनगंगेवाटे गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. म्हणजे येथील माथा उघडा पडला तर माती पूर्वसमुद्राकडेही जाते आणि पश्चिमसमुद्राकडेही. साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बिबा आणि पळस हे या उतारावरचे जुने रहिवासी. वाशीम आणि अकोला यांच्या सीमेवरील काटेपूर्णा अभयारण्य १९८८ चे, सुमारे ७३ चौरस किलोमीटर. कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य २००० सालचे. ते अवघे १८ चौरस किलोमीटरांचे.

कारंजा-सोहोळला प्रथम गेलेला माणूस बहुधा निराश होतो. त्याला घनदाट झाडी पाहावयाची असते आणि समोर दिसते ते गवत. वन म्हणजे उंच झाडे, ही आपली समजूत फार पक्की झालेली आहे. काळवीट दाट झाडीत राहत नाही. त्याला दूरवर दृष्टी पोहोचेल आणि धावता येईल असे मोकळे कुरण लागते. पवना, मारवेल, कुसळी ही गवते मुळांनी माती घट्ट धरतात आणि पहिल्या पावसाचे पाणी जिरवतात. सरकारी दप्तरात अशी जमीन कित्येकदा 'पडीक' म्हणून लिहिली गेली. वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतात त्या गायरानाची गतही तीच. कोणी नांगरली, कोणी मुरूम नेला, आणि उरलेल्या ठिकाणी वृक्षारोपणाच्या उत्साहात सरसकट खड्डे खणले गेले. झाड लावणे पुण्यप्रद खरे. पण भरल्या कुरणात खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे एकाचे घर मोडून दुसऱ्याचे बांधणे होय.

आता लीळेकडे वळू. शरण आलेल्या सशाची लीळा वाचकांना मुखोद्गत असेल. शिकाऱ्यांनी पिटाळलेला ससा येऊन सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरतो. मागोमाग पारधी येतात आणि ससा सोडावा अशी विनंती करतात; त्या सशावर होड लागलेली आहे, म्हणजे प्रश्न केवळ भुकेचा नाही, पैजेचाही आहे. येथे शरण आलेल्याला मरण नाही, असे सर्वज्ञ सांगतात. पारधी निघून जातात. मग मांडी उचलून सर्वज्ञ सशाला जावयास सांगतात, तेही एखाद्या थोर माणसाला निरोप द्यावा तशा आदराने.

या लीळेचे निरूपण बहुधा शरणागतीवर होते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. सर्वज्ञ पारध्यांना शाप देत नाहीत, त्यांना हाकून लावत नाहीत. त्यांच्याशी बोलतात, आणि ते बोलणे पारध्यांना पटते. दुसरी गोष्ट अशी की ससा आश्रमात पाळला जात नाही. तो रानाचा आहे, त्याला रानातच परत पाठविले जाते. रान शाबूत असेल तरच त्या अभयाला अर्थ आहे. मांडी उचलल्यावर ससा ज्या गवतात शिरला ते गवतच नसते तर?

(लीळेतील 'पारधी' हा शब्द शिकार करणारा या अर्थाने आहे. आजच्या कोणत्याही जमातीला तो लावून दोष देणे हा शास्त्राचा विपर्यास होईल.)

हे सावधपणे सांगण्याचे कारण आहे. अकोला आणि वाशीम या जिल्ह्यांत फासेपारधी समाजाची वस्ती आहे. फास लावून तितर-लावे आणि ससे धरणे ही त्यांची पिढीजात विद्या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून पुरता पुसला गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते. पण ज्याचा हात त्या विद्येवर चालत होता त्याने उद्या काय खावे, याचा विचार कायद्याने केला नव्हता.

आता तणमोराविषयी. हा लहान माळढोक म्हणता येईल असा पक्षी पावसाळ्यात गवताळ माळावर येतो. नर गवतातून उभा वर उडी घेतो आणि पुन्हा गवतात उतरतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. मादी जमिनीवरच अंडी घालते. कुरणे गेली तसा हा पक्षीही गेला, आणि २०२१ साली जागतिक यादीत त्याला नष्ट होण्याच्या अगदी कड्यावरच्या जातींत घालण्यात आले. तो नेमका कोठे उतरतो, कोणत्या गवतात घरटे करतो, हे या भागात सर्वांत चांगले कोणाला ठाऊक? फासेपारध्यांना. कारंजा येथील संवेदना या संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे ओळखले आणि पारधी मंडळींबरोबरच गवताळ माळांच्या रक्षणाचे काम उभे केले. अकोला जिल्ह्यातील वडाळा येथील पारध्यांनी आपल्या भोवतीचे गवत राखले. फास लावणारी नजर आता घरटे शोधून त्याला सांभाळू लागली. लीळेतील पारध्यांनी ससा सोडला. येथे त्यांनी सशाचे रान राखले. मला यात त्या लीळेचा उत्तरार्ध दिसतो. कोणाला ही उपमा धाडसाची वाटल्यास त्याने ती सोडून द्यावी, घटना सोडू नये.

येथे गृहस्थ वाचक म्हणेल, साधूला सावली पुरते; आम्हाला चुलीला सरपण हवे, बैलाला चारा हवा, हंगामात चार पैसे हवेत. आक्षेप रास्त आहे. वनाला हात लावू नका, हा उपदेश ज्याचे पोट वनावर आहे त्याला करणे म्हणजे निर्दयता होय. प्रश्न घ्यावे की नाही हा नसून कसे घ्यावे हा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे भिक्षेचा आचार आहे. एका घरी पोटभर मागू नये. अनेक घरांतून थोडे थोडे घ्यावे. घरे निवडू नयेत. देणाऱ्याची चूल विझेल असे घेऊ नये. हाच आचार रानाला लावून पाहावा.

मोहाची फुले चैत्राच्या सुमारास रात्री गळू लागतात आणि पहाटे वेचावी लागतात. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची सवय आहे. तो विस्तव तेथेच राहत नाही. वारा सुटला की डोंगर पेटतो, आणि मोहाची स्वतःची रोपेही त्यात जळतात. पाचोळा झाडून काढला किंवा खाली जाळी अंथरली तर एक सकाळ अधिक जाते, एवढेच. गवताचे तसेच: बी झडून गेल्यावर कापले तर पुढच्या वर्षी कुरण तेवढेच उगवते, बी धरण्याआधी कापले तर दोन-चार वर्षांत कुसळीखेरीज काही उरत नाही. मधाविषयी तर आपल्या पंथाने विशेष लक्ष द्यावे. आग्यामोहोळ मशालीने जाळून मध काढण्याची जुनी रीत म्हणजे सहस्रावधी जीवांची हत्या आहे. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात डॉ. गोपाल पालीवाल यांनी निराळी रीत शिकविली. अंगभर संरक्षक पोशाख घालून जावे, पोळ्याचा मध असलेला भाग तेवढा कापावा, पिल्लांचा भाग तसाच ठेवावा. माशा मरत नाहीत आणि त्याच पोळ्यावर पुन्हा मध धरतो. अहिंसेचे इतके स्पष्ट गणित क्वचितच सापडते.

चारोळीचा प्रश्न मात्र एकट्याच्या संयमाने सुटत नाही. फळ पिकेपर्यंत थांबले तर दाणा भरतो. पण मी थांबलो तर शेजारी हिरवी फळे तोडून नेतो, म्हणून मीही हिरवीच तोडतो, आणि घाईत फांदीसह तोडतो. येथे व्यक्तीचे व्रत अपुरे पडते. तोडणीचा दिवस सगळ्या गावाने मिळून ठरवावा लागतो, आणि तो गाव कधी ठरवील? रान आपले आहे असे त्याला वाटेल तेव्हा. इंग्रजांच्या वन कायद्यांनी रान सरकारचे झाले आणि गावकरी त्यात चोरासारखा शिरू लागला. चोर कधी उद्याचा विचार करीत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागण्याची वाट मोकळी केली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्याचे पायविहीर. उजाड झालेले वन २०१२ साली गावाच्या हाती आले. गावाने ते राखले, तेथील सीताफळ एकत्रितपणे विकले, आणि २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार त्यांना मिळाला. ऋद्धिपूरच्या यात्रेला जाणाऱ्या मंडळींनी वाट थोडी वाकडी करून ते रान पाहून यावे.

दुसऱ्याचे दोष सांगताना आपले झाकणे शास्त्रसंमत नाही. आमच्याच परिचयाच्या एका आश्रमात यात्रेच्या स्वयंपाकासाठी अनेक वर्षे ओली लाकडे गाडीने येत. ती कोठून येतात हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. ज्या टेकडीवर आम्ही विद्यार्थी विजनाला जात असू तेथील धावडे एकेक करून कमी होत गेले, आणि ते आपल्याच चुलीत जात होते हे माझ्या ध्यानात आले तेव्हा टेकडीवर बसण्याजोगे झाड उरले नव्हते. आता तेथे गॅसवर स्वयंपाक होतो. टेकडी मात्र अजून उघडीच आहे. धावडा सावकाश वाढतो.

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर या भागांत चातुर्मासात राहणाऱ्या साधकांसाठी एक सूचना आहे. जून ते सप्टेंबर हा तणमोराचा आणि इतरही अनेक भूचर पक्ष्यांचा अंडी घालण्याचा काळ असतो. विजनाला जाताना उंच गवतातून नवी वाट पाडू नये. गुरांच्या जुन्या पायवाटेनेच जावे. गवतात घरटे दिसल्यास अंड्यांना हात लावू नये, जवळ आसन मांडू नये. आल्या पावली मागे फिरावे आणि त्या दिवसापुरते दुसरे झाड शोधावे.