फोटो काढणंही शिकावं लागतं



मागच्या वर्षी वर्गाचा फोटो मीच मोबाईलवर काढला. मुलं खिडकीकडे पाठ करून उभी होती. प्रिंट आल्या आणि एका मुलीचा चेहरा ओळखूच येईना. मुलं हसली. ती फोटो बाकावर ठेवूनच घरी गेली.

डोंबिवलीतल्या स्टुडिओवाल्या काकांनी चूक लगेच दाखवली. "खिडकीच्या उजेडाला कॅमेरा फसतो. तो एकूण प्रकाश कमी करतो, मग चेहरे काळवंडतात. चेहरे खिडकीकडे करा." तीस वर्षं व्यवसायात असलेले काका आजही दरवर्षी दोन दिवस दुकान बंद ठेवून व्यावसायिक फोटोग्राफर्सच्या प्रशिक्षणाला जातात. आणि आपण? प्रशिक्षणाचं पत्र आलं की कुरकुरतो!

मुळात आपल्याकडे फोटोग्राफी वर्गात शिकवायची सुरुवात फार जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली. पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. तेव्हाच्या एका पद्धतीत काचेवर रसायन लावून, ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवावा लागे. उशीर झाला की काच वाया. शिकल्याशिवाय जमणारच नाही असं काम! त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. 'राजा हरिश्चंद्र' नंतर, १९१३ मध्ये आला.

वर्गात करून बघा :

१. एका मुलाला खिडकीकडे पाठ, मग तोंड, मग बाजू करून उभं करा. तीन फोटो घ्या.
२. पाठ असलेल्या फोटोच्या वेळी मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. चेहरा उजळतो, खिडकी पांढरी पडते. असं का होतं, ते मुलांनाच सांगू द्या.
३. प्रत्येक मुलाने पाहिलेला फरक दोन वाक्यांत लिहावा.

पालकहो, तुमचं मूल "मला फोटोग्राफर व्हायचंय" म्हणालं, तर आधी महागडा कॅमेरा घेऊ नका, आणि "हा काय धंदा आहे?" असंही म्हणू नका. कोणाकडे शिकणार, ते विचारा.

मी वर्गाचा फोटो पुन्हा काढला, चेहरे खिडकीकडे करून. त्या मुलीने या वेळी दोन प्रती मागितल्या. एक आजीसाठी.